पेटीतल्या फोटोतले विमान कोणते? युद्धकाळातील ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांचे फोटो ओळखण्याची रीत

विदर्भातल्या गावात जुन्या घराची वाटणी होते, किंवा मातीच्या भिंती पाडून स्लॅबचे घर बांधायचे ठरते, तेव्हा माळ्यावरून कधीतरी एक लोखंडी पेटी खाली येते. तिच्यात दोन-तीन पदके, डिस्चार्जचा घडी पडलेला कागद आणि पाच-सात लहान फोटो असतात. फोटोत विमानासमोर हाफपँट घातलेली माणसे उभी असतात आणि त्यांतले एखादे घरातल्या आजोबांसारखे दिसते. दुसऱ्या महायुद्धात इकडचे काही तरुण फिटर, वायरलेस किंवा कारकुनी कामासाठी हवाई दलात भरती झाले होते. नागपूरचे सोनेगाव विमानतळ त्या वेळी रॉयल एअर फोर्सच्या प्रवासातला थांबा होते आणि गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टीही त्याच काळातली आहे. त्यामुळे असे फोटो आपल्याकडे निघतात यात नवल नाही. नवल याचे वाटते की घरातला एखादा शिकलेला नातू मोबाइलवर पाच मिनिटे शोधतो आणि विमानाला ‘लँकेस्टर’ असे नाव देऊन मोकळा होतो.

मी आजवर पाहिलेल्या अशा फोटोंपैकी एकातही लँकेस्टर नव्हते. त्याला कारण आहे. लँकेस्टर हे ब्रिटनचे सर्वांत नावाजलेले बॉम्बफेकी विमान असले आणि अशी ७,३७७ विमाने बांधली गेली असली, तरी युद्ध चालू असताना ती ब्रिटनमधून जर्मनीवर उडत होती. भारतात तळ ठोकून लढणाऱ्या स्क्वाड्रनांकडे, म्हणजे हवाई दलाच्या तुकड्यांकडे, वेगळीच विमाने होती. म्हणून या कामाचा पहिला नियम असा की विमानाचे नाव सर्वांत शेवटी लिहावे. आधी कागद पाहावा, मग शेपटी, चाके, इंजिने आणि खुणा पाहाव्यात, मग माणसांचे कपडे पाहावेत; नाव त्यातूनच हाती येते.

कागदापासून सुरुवात करताना फोटो अल्बममधून ओढून काढू नये. पावसाळ्यातल्या दमटपणाने तो काळ्या पानाला चिकटलेला असेल तर पानासकट ठेवावा आणि पानासकटच स्कॅन करावा. सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आमच्या शेजारच्या आजींनी त्यांच्या सासऱ्यांचा एक फोटो हौसेने तालुक्याच्या गावी फ्रेम करायला दिला होता, तेव्हा दुकानदाराने तो सरसाने पुठ्ठ्यावर पक्का चिकटवून टाकला आणि मागे पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी कायमच्या गेल्या. त्या ओळी पाहिलेल्या आजींना एवढेच आठवते की त्यात ‘कुठल्या तरी गावाचे नाव होते.’ तारीख, ठिकाण, स्टुडिओचा शिक्का, सेन्सॉरचा शिक्का आणि निगेटिव्हचा क्रमांक या सगळ्या गोष्टी फोटोच्या पाठीवरच सापडतात.

म्हणून दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात. फोटो काड्यापेटीहून थोडा मोठा असेल तर १२०० डीपीआयवर आणि एरवी ६०० डीपीआयवर स्कॅन करावा. स्कॅनर नसेल तर ओसरीवर, उन्हाची तिरीप थेट पडणार नाही अशा जागी, फोटो सपाट ठेवून मोबाइल त्याच्या बरोबर वर धरावा. पाठीवर पेन्सिलीचे लिखाण पुसट झाले असेल तर खोली अंधारी करावी आणि मोबाइलचा टॉर्च कागदाच्या कडेला अगदी आडवा धरावा. पेन्सिलीची रेघ पुसली गेली तरी तिने पाडलेली खोबण राहते आणि आडव्या उजेडात तिची सावली दिसते. पाठीवर ‘वेलॉक्स’ असे छापलेले दिसले तर तो कोडॅकचा कागद समजावा. त्यावरून तारीख ठरत नाही, पण फोटो खऱ्या निगेटिव्हवरून छापलेला आहे एवढे कळते. याउलट भिंगाखाली चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसले तर ते मासिकातले किंवा प्रचारपत्रकातले कात्रण असते. आजोबा त्या विमानाजवळ कधी गेलेही नसतील.

आता विमानाकडे वळू. सर्वांत आधी चाके पाहावीत, कारण फोटोत बाकी सगळे कापले गेले तरी चाकांचा अंदाज येतो. युद्धातली ब्रिटिश बनावटीची मोठी बॉम्बफेकी विमाने, म्हणजे लँकेस्टर, हॅलिफॅक्स, स्टर्लिंग आणि वेलिंग्टन, जमिनीवर शेपटी टेकवून व नाक वर करून उभी राहतात, कारण त्यांचे तिसरे चाक शेपटीखाली असते. विमान जमिनीला समांतर उभे असेल आणि नाकाखाली चाक असेल, तर चार इंजिनांच्या त्या विमानाला ब्रिटिश बनावटीचे म्हणण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा ते अमेरिकेत बांधलेले आणि रॉयल एअर फोर्सने वापरलेले लिबरेटर असते. भारतातून ब्रह्मदेशावर आणि त्याही पलीकडे उडणाऱ्या ब्रिटिश स्क्वाड्रनांचे १९४४-४५ मधले मुख्य जड बॉम्बफेकी विमान हेच होते. बंगालमधल्या दिग्री, सालबोनी आणि धुबालिया येथे त्यांचे तळ होते, आणि ९९, १५९, २१५, ३५५ आणि ३५६ या स्क्वाड्रनांकडे ती होती.

लिबरेटर आणि लँकेस्टर यांत घोटाळा होतो तो शेपटीमुळे. दोघांच्याही शेपटीला दोन टोकांवर दोन उभे, अंडाकृती फलक आहेत आणि दोघांना चार इंजिने आहेत. लिबरेटरचा पंख मात्र धडाच्या वरच्या भागात बसवलेला, लांब आणि अरुंद असतो, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ११० फूट. लँकेस्टरचा पंख १०२ फुटांचा असून तो धडाच्या मध्यावरून निघतो. लिबरेटरच्या इंजिनांचे तोंड आडवे लंबगोल दिसते. लँकेस्टरची मर्लिन इंजिने पातळ व टोकदार असून त्यांच्या हनुवटीखाली रेडिएटरचे तोंड उघडे असते. याहून पक्की खूण पोटाखाली आहे: लिबरेटरच्या बॉम्बकक्षाची दारे बाहेर उघडत नाहीत. किराणा दुकानाच्या शटरसारखी ती धडाच्या अंगाने वर सरकतात. बाजूने काढलेल्या फोटोत पोट उघडे असूनही खाली लोंबणारी दारे दिसत नसली, तर निम्मा निकाल तिथेच लागतो.

दोन इंजिने आणि एकच उंच शेपटी दिसली तर आधी वेलिंग्टनचा विचार करावा. १९४२ पासून भारतात ९९ आणि २१५ या स्क्वाड्रनांकडे ही विमाने होती. इंजिनिअर बार्न्स वॉलिस यांच्या रचनेप्रमाणे त्याचा सांगाडा धातूच्या तिरप्या पट्ट्या एकमेकींत गुंतवून केलेला आणि वर कापड ताणलेले असे. आपल्याकडच्या बुरडाने विणलेल्या टोपलीला कोणी कापड शिवले तर जसे दिसेल तसेच ते दिसते, आणि कापड फाटलेल्या किंवा ऊन तिरपे पडलेल्या फोटोत आतली जाळी स्पष्ट उठून येते. अशी जाळी दिसणारे दुसरे सामान्य विमान नाही, त्यामुळे इथे चुकायला फारशी जागा राहत नाही. नाकावर आणि शेपटीच्या टोकाला बंदुकांचे काचेचे बुरूज असतात.

ब्लेनहाइमही दोन इंजिनांचेच असते, पण ते पुष्कळ लहान, सुमारे ५६ फूट पंखांचे आहे. त्याच्या चौथ्या प्रकारात काचेच्या नाकाचा डावा भाग वैमानिकाला खाली पाहता यावे म्हणून खोलगट कापलेला असतो, त्यामुळे समोरून पाहिल्यावर नाक वाकडे वाटते. मॉस्किटो लाकडी होते, त्यावर बुरूज नव्हता आणि आत दोघेच बसत. १९४४ च्या अखेरीस इकडच्या काही मॉस्किटोंचे पंख हवेत निकामी झाल्याने ती तपासणीसाठी जमिनीवर ठेवावी लागली होती, हे माहीत असले की जमिनीवर रांगेत उभ्या असलेल्या मॉस्किटोंच्या फोटोकडे आपण जरा थांबून पाहतो. व्हेंजन्स एका इंजिनाचे, सूर मारून बॉम्ब टाकणारे विमान. भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनांकडे ते होते, त्यामुळे आपल्या पेटीत ते सापडण्याची शक्यता चांगली असते. जरा तिरक्या कोनातून पाहिले की त्याचे पंख मोडून पुन्हा जोडल्यासारखे वाकलेले दिसतात.

डाकोटाविषयी फार बोलायला नको. धडाच्या बाजूला खिडक्यांची रांग आणि एकच शेपटी दिसली की ते वाहतुकीचे विमान समजावे आणि घरात चालत आलेली बॉम्बची गोष्ट आवरती घ्यावी.

यापुढचा टप्पा रंगखुणांचा. ब्रिटिश विमानांवरचे गोल चिन्ह आधी निळे, पांढरे आणि मध्ये लाल असे होते. जपानी विमानांवर लाल गोळा असल्याने घाईत गल्लत होऊ नये म्हणून १९४३ च्या मध्यानंतर भारत व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मधला लाल रंग काढून टाकला गेला आणि गडद निळ्या गोलात लहान फिकट ठिपका उरला. त्यामुळे गोलाच्या मध्यभागी फिकट ठिपका असेल तर फोटो त्यानंतरचा आणि बहुधा आपल्याच आघाडीवरचा ठरतो. इथे एक अडचण मात्र आहे. त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यांत वापरली जाणारी काही फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती; तिच्यावर लाल काळा येई आणि निळा फिकट पडे. अशा फोटोत लाल मध्य असलेले जुने चिन्ह ‘फिकट कड्यात काळा ठिपका’ असे दिसते, तर बाकीच्या फिल्मवर लाल व निळे दोन्ही करडेच दिसतात. म्हणून चिन्हावरून तारीख सांगण्याआधी फिल्म ओळखावी. फोटोत निळे आकाश अगदी पांढरेफटक आणि माणसांचे ओठ काळपट आले असतील तर ती लालआंधळी फिल्म आहे असे धरून चालावे. ओठांवरून फिल्म कळते आणि फिल्मवरून चिन्ह वाचता येते, हा क्रम उलटा करू नये.

गोल चिन्हाऐवजी पांढरा तारा असेल तर विमान अमेरिकन हवाई दलाचे आहे. ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या असतील तर फोटो १९४३ किंवा त्यानंतरचा आहे. आणि चिन्हात केशरी, पांढरा व हिरवा असे तीन रंग असतील, म्हणजे काळ्या-पांढऱ्या फोटोत नेहमीपेक्षा वेगळ्या छटांची कडी दिसत असतील, तर फोटो युद्धकाळातला नाही, स्वातंत्र्यानंतरचा आहे. लिबरेटरच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला सोडून दिलेली लिबरेटर विमाने बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने दुरुस्त केली, १९४८ मध्ये ती भारतीय हवाई दलाच्या ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली आणि १९६८ पर्यंत वापरात राहिली. केएन ७५१ क्रमांकाचे एक लिबरेटर युद्धात ९९ स्क्वाड्रनमध्ये होते, पुढे भारतीय हवाई दलात उडाले आणि १९७४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला भेट म्हणून गेले. तेव्हा विमान लिबरेटर आहे एवढ्यावरून फोटो १९४५ चा आहे असे म्हणता येत नाही. तो १९५५ चाही असू शकतो.

अनुक्रमांक सापडला तर निम्मे काम झाले. तो धडाच्या मागच्या भागात, शेपटीच्या जवळ, लहान अक्षरांत असतो. सुरुवातीच्या वर्षांतले क्रमांक एक अक्षर आणि चार आकडे असे आहेत (उदाहरणार्थ आर ५८६८, हे लँकेस्टर आज लंडनच्या संग्रहालयात आहे), तर नंतरचे दोन अक्षरे आणि तीन आकडे असे आहेत. शत्रूला एकूण विमानांचा अंदाज येऊ नये म्हणून क्रमांकांच्या ओळीत मुद्दाम मोकळ्या जागा सोडलेल्या असत, त्यामुळे दोन क्रमांकांतल्या फरकावरून विमाने मोजू नयेत. आणि पहिल्या दोन अक्षरांवरून विमानाचा प्रकार ठरत नाही. केएच अक्षरांखाली लिबरेटर होती तशी मस्टँग ही लढाऊ विमानेही होती, म्हणून आकार आणि क्रमांक एकमेकांशी जुळवून पाहावे.

धडावरची मोठी अक्षरे निराळी असतात. गोल चिन्हाच्या एका बाजूची दोन अक्षरे स्क्वाड्रनची आणि दुसऱ्या बाजूचे एक अक्षर त्या एका विमानाचे. १९४३ मध्ये रूर खोऱ्यातली धरणे फोडणाऱ्या ६१७ स्क्वाड्रनची अक्षरे ‘एजे’ होती आणि तिचे प्रमुख गाय गिब्सन यांच्या विमानावर ‘जी’ होते. भारतातल्या लिबरेटर स्क्वाड्रनांनी पुढे पुढे एकाच अक्षरावर भागवले, त्यामुळे आपल्या फोटोत एखादेच मोठे अक्षर दिसले तर काही पुसले गेले आहे असे समजून संगणकावर उरलेले ‘उकरून’ काढण्याचा खटाटोप करू नये.

अक्षरे उलटी दिसली तर निगेटिव्ह उलटे छापलेले आहे हे उघड आहे. अक्षरे नसतील तेव्हा माणसांकडे पाहावे. हवाई दलाची पंखाची खूण डाव्या खिशाच्या वर असते. ती माणसाच्या उजव्या खिशावर दिसत असेल तर फोटो आरशासारखा उलटा छापलेला आहे. ब्लेनहाइमच्या नाकाचा खोलगट भाग वैमानिकाच्या उजव्या अंगाला आला तरी तेच.

माणसांचे कपडे आणखी पुष्कळ सांगतात. दोन्ही बाजूंना पंख असलेली खूण वैमानिकाची, एकच पंख असलेली खूण इतर चालकदलाची. त्या एका पंखाशेजारी एजी असेल तर बंदूकधारी, एन असेल तर दिशादर्शक, बी असेल तर बॉम्ब टाकणारा, ई असेल तर इंजिनिअर. बाहीवर दोन पात्यांचा पंखा शिवलेला असेल तर तो लीडिंग एअरक्राफ्टमन, म्हणजे बहुधा जमिनीवरचा कारागीर. आपल्याकडच्या बहुतेक फोटोंत हीच खूण सापडते. घरच्या मंडळींना ते कधीकधी रुचत नाही, कारण गावात ‘आजोबा विमान चालवत’ असेच सांगितले जाते. माझ्या मते विमान उडण्याच्या स्थितीत ठेवणाऱ्या माणसाचा फोटो ही काही कमी ठेव नाही. तो चालवणाऱ्याचा आहे असे लिहिले तर ती नोंद खोटी होते आणि तिच्यावर पुढे कोणाला शोध घेता येत नाही.

पेटीतली पदके बाजूला ठेवू नयेत. ब्रिटिश सैनिकांना दिलेल्या युद्धपदकांवर नाव नसे, परंतु भारतीय सैनिकांच्या पदकांवर बहुधा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते: तारकेच्या आकाराच्या पदकाच्या मागच्या बाजूला आणि गोल पदकाच्या कडेवर. चिंच किंवा राख लावून पदक घासू नये; घासता घासता कडेवरची अक्षरेच जातात. भिंग आणि आडवा टॉर्च एवढ्याने काम होते.

आता बाहेरचा शोध. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर २७’ या मालिकेत प्रत्येक स्क्वाड्रनची दैनंदिनी आहे. तिचे दोन भाग आहेत. फॉर्म ५४० मध्ये त्या दिवशी काय घडले याचा गोषवारा, आणि फॉर्म ५४१ मध्ये कोणते विमान, कोणते चालकदल, किती वाजता उडाले आणि परतले याची नोंद असते. यांतल्या बऱ्याच नोंदी संगणकावर घरबसल्या मागवता येतात. जमिनीवरच्या कारागिरांची नावे तिथे क्वचितच भेटतात, हे आधीच समजून घेतले की निराशा होत नाही. मात्र स्क्वाड्रन कोणत्या महिन्यात कोणत्या गावी होती हे फॉर्म ५४० वरून नेमके कळते. इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात अधिकृत छायाचित्रे आहेत. त्यांच्या क्रमांकापूर्वी सीएच असेल तर ती ब्रिटनमधली, सीआय असेल तर भारत व अतिपूर्वेतली. आपल्या फोटोच्या पाठीवर असा क्रमांक असला तर फोटो घरचा नाही, अधिकृत छायाचित्राची प्रत आहे, आणि मूळ मथळा तिथे मिळतो. फोटोतला कोणी युद्धात मेला असल्याचे घरात सांगत असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत नाव पाहावे. पश्चिम व मध्य भारतातल्या विखुरलेल्या कबरी पुण्याजवळच्या खडकीच्या युद्धस्मशानात आणल्या गेल्या आहेत, आणि ज्यांचे पार्थिव सापडलेच नाही अशा इकडच्या वैमानिकांची नावे सिंगापूरच्या स्मारकावर आहेत.

शेजारच्या आजींच्या त्या चिकटवलेल्या फोटोपाशी परत येतो, कारण वर सांगितलेली सगळी रीत मी त्याच्यावरच शिकलो. फोटोत विमानाच्या नाकापुढे सहा माणसे उभी आहेत. नातवाने त्यावर ‘लँकेस्टर, १९४३’ असे बॉलपेनने लिहून ठेवले होते. मी पंख, शेपटी, इंजिन यांत काही शोधत बसलो, पण फोटो नाकापाशीच कापलेला होता आणि यांतले काहीच त्यात आले नव्हते. मग स्कॅन मोठा करून पाहताना डावीकडून तिसऱ्या माणसाच्या दोन पायांमधून एक काळा गोल अर्धवट दिसला. आधी मला ती सावली वाटली. पण सावल्या सगळ्या उजवीकडे पडल्या होत्या, आणि या गोलाच्या वर एक उभा दांडा विमानाच्या पोटात जात होता. ते नाकाखालचे चाक होते. लँकेस्टर तिथेच बाद झाले. सहापैकी दोघांच्या बाहीवर दोन पात्यांचा पंखा आहे, ओठ नेहमीच्या करड्या छटेचे आहेत, आणि काठावर अर्धे कापलेल्या गोल चिन्हाच्या मध्यभागी फिकट ठिपका दिसतो.

आजींना विचारले, “आजी, मामंजी कधी बंगालकडे होते का?” त्या म्हणाल्या, “मला काय माहीत रे बाबा. पण ते भात कालवताना म्हणत, तिकडच्यासारखा भात इकडे होत नाही.”

एवढ्यावरून बंगाल म्हणता येत नाही. म्हणून आम्ही ॲसिडमुक्त कागदाचे पाकीट केले, मऊ पेन्सिलीने त्याच्यावर नोंद लिहिली आणि त्यानंतर फोटो आत ठेवला. नोंद अशी आहे: ‘नाकाखाली चाक असलेले विमान, बहुधा लिबरेटर. गोल चिन्हावरून १९४३ च्या मध्यानंतरचा. ठिकाण अज्ञात. डावीकडून पाचवे सासरे, आजींनी ओळखले. बाकी पाच जणांची नावे नाहीत. पाठीवरचे लिखाण पुठ्ठ्याखाली गेले आहे; पुठ्ठा काढू नये.’